डोंगर विकला आणि उत्पन्न म्हणून लिहिला



गेले दोन महिने इथे डिचोली, सत्तरी, सांगे भागातल्या आठवणी येत आहेत. मी एकूण एक वाचतो. देवळापुढची रात्रभराची नाटके, चवथीची माटोळी, बार्जीच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे आजोबा, सगळे वाचून बरे वाटते. पण एक सूर आताशा वारंवार लागतोय, आणि त्याला कुणीच हटकत नाही म्हणून आज लिहायला बसलो. तो सूर म्हणजे "खाणींचे सोन्याचे दिवस". मागच्या आठवड्यात एकाने लिहिले, की खाणी होत्या तेव्हा घरोघर पैसा खेळत होता, पोरे कामाला होती, जत्रेला वर्गणी मागायला लागत नव्हती. पुढे न्यायालयवाल्यांनी आणि पर्यावरणवाल्यांनी सगळ्याचे वाटोळे केले. खाली शंभरेक लोकांनी हात जोडले. शेवटी तात्पर्य असे, की आता लिलाव झालेत, खाणी परत सुरू होतायत, तर कुणी मोडता घालू नये.

मला यातल्या "सोन्याचे" या शब्दाशी भांडायचे आहे. माझी ओळख सांगतो, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. मी बी.कॉम. झालो, सदतीस वर्षे बँकेत काढली, त्यातली अकरा वर्षे खाणपट्ट्यातल्या दोन शाखांत. खाणमालक नाही, चळवळवाला तर मुळीच नाही. खाण कायमची बंद करा असेही माझे म्हणणे नाही. मी फक्त वह्या वाचू शकतो. आणि ज्या दिवसांना आपण सोन्याचे म्हणतो त्या दिवसांची वही चुकीची लिहिलेली आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

इंदूर, बडोदे, बेळगावच्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. गोव्याचा पूर्वेकडचा पट्टा, म्हणजे डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केप्याचा काही भाग, लोहखनिजाचा आहे. पोर्तुगीजांनी 1906 साली खाणींचा कायदा केला आणि पुढे कायमस्वरूपी सवलती वाटल्या. युद्धानंतर जपानला पोलाद हवे होते, आणि मुक्तीच्या आधीच आपली निर्यात दशलक्ष टनांत गेली होती. 1961 नंतर पोर्तुगीज गेले, सवलती मात्र राहिल्या. त्या रद्द करून त्यांचे भाडेपट्टे करणारा कायदा संसदेने 1987 साली केला. नंतर आला चीन. 2000 सालाच्या सुमारास वर्षाला दीड-दोन कोटी टन माल जात होता. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांवर गेला. त्यात कर्नाटकातून आलेलाही होता, पण बहुतेक आपलाच. पूर्वी ज्याला कुणी विचारत नव्हते ते हलके खनिज, डोंगरासारखे बाजूला टाकलेले रिजेक्शन, तेही चीनने उचलले.

या "सोन्याच्या" दिवसांत मी शाखेत बसून ट्रकची कर्जे देत होतो. पंचवीस टक्के मार्जिन, दोन जामीनदार, पाच वर्षांची फेड, आणि पावसाळ्यात ट्रक उभे म्हणून ते चार महिने हप्ता नाही. अर्ज घेऊन येणारे सगळे ओळखीचे. शेतकऱ्याचा मुलगा, भजनी मंडळातला पखवाजवाला, शाळामास्तरचा जावई. आमच्या मावशीचा थोरलाही त्यातलाच. एका ट्रकचे त्याने तीन केले. एकदा पासबुक घेऊन घरी आला. "भाऊ, बघ. या महिन्यात किती जमा झाले बघ." बघितले. मग विचारले, टायरचे किती? डिझेलचे? ड्रायव्हरचे? ते सगळे त्याला तोंडपाठ होते. शेवटी विचारले, "आणि ट्रकचे?" तो म्हणाला, ट्रकचे कसले, ट्रक तर आपलाच. मी म्हटले, "बाबा रे, खाणीच्या रस्त्यावर जास्त भार घेऊन धावणारा ट्रक सहा-सात वर्षांत भंगार होतो. त्याच्यासाठी दर महिन्याला काही बाजूला काढले नाहीस, तर तू उत्पन्न खात नाहीस, ट्रक खातोयस." त्याला पटले असे म्हणवत नाही, पण आमच्या वहिनीला पटले. तिने पोस्टात रिकरिंग उघडले, आणि बंदी आली तेव्हा त्या घराला त्याचाच आधार झाला.

याला आम्ही वाणिज्यवाले घसारा म्हणतो. अकरावीचे पोरही सांगेल. आता गंमत बघा. मावसभावाच्या ट्रकला घसारा होता, खाण कंपनीच्या यंत्रांना होता, बार्जीला होता, जेटीला होता. फक्त डोंगराला नव्हता. डोंगर कमी होत होता ही गोष्ट सरकारच्या जमाखर्चाच्या वहीत लिहिली जात नव्हती.

आपल्याकडे कुळागर असलेली घरे पुष्कळ. सुपारी विकली, नारळ विकले, मिरी विकली, की ते उत्पन्न. घर चालवा, लग्न करा, कुणी नावे ठेवणार नाही. पण कुळागरच विकले आणि आलेल्या पैशात चार वर्षे मजेत काढली, तर त्या घरात लक्ष्मी आली म्हणाल का? माझी आजी त्याला "मूळ खाल्ले" म्हणायची. खनिजाला तर पुन्हा बहरच नाही. एकदा बार्जीत पडले की संपले. ते भांडवल आहे. त्याची विक्री म्हणजे मालमत्तेची विक्री.

हे माझे एकट्याचे तर्कट नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जुलै 2024 मध्ये बहुमताने सांगितले, की रॉयल्टी हा कर नव्हे. खनिज काढू दिल्याबद्दल पट्टेदाराने मालकाला द्यायचा तो करारातला मोबदला आहे. आपल्या भाषेत मालाचे पैसे. 2019 च्या राष्ट्रीय खनिज धोरणातही लिहिले आहे, की ही संपत्ती सामायिक वारसा आहे आणि सरकार तिचे विश्वस्त आहे. आता कुठल्याही राज्याचा अर्थसंकल्प उघडा. रॉयल्टी कुठे दिसते? महसुली जमेत, करेतर महसूल, लेखाशीर्ष 0853. म्हणजे बसच्या तिकिटांचे पैसे आणि इस्पितळाची फी ज्या बाजूला लिहितात, त्याच बाजूला डोंगर विकल्याचे पैसे. सरकारने एखाद्या कंपनीचे शेअर विकले तर मात्र ती रक्कम भांडवली जमेत जाते. शेअर विकले तर भांडवल गेले हे समजते, आणि डोंगर गेला ते समजत नाही! एखाद्या कारकुनाने शाखेत अशी नोंद केली असती तर ऑडिटरने लाल शाईने पान भरले असते.

महसुली जमेत लिहिले की ते खर्चून टाकायचा परवाना मिळतो. पगार, अनुदाने, उद्घाटने, सगळे त्यातून. वही तर जुळते, तूट कमी दिसते, मंत्री टाळ्या घेतात. ही चूक सगळ्या पक्षांच्या सरकारांनी केली, त्यामुळे इथे कुणी पक्षाचे झेंडे घेऊन येऊ नये.

बरे, जे विकले त्याचे पैसे तरी किती घेतले? ऑगस्ट 2009 पर्यंत लोहखनिजाची रॉयल्टी टनामागे ठरलेल्या रुपयांत होती, आणि चांगल्यात चांगल्या प्रतीलाही ती तीस रुपयांच्या आत होती. त्याच काळात चीनच्या बाजारात चांगल्या खनिजाचा टन शंभर डॉलरच्या वर गेला होता. आपला माल हलका, म्हणून भाव निम्म्याहून कमी धरा, दोन हजार रुपये धरा. त्यावर तीस रुपये म्हणजे दीड टक्का. घर विकून देणारा दलाल याहून जास्त दलाली घेतो, आणि इथे घरमालकालाच दीड टक्का! 2009 मध्ये दर किमतीच्या दहा टक्के झाला, 2014 मध्ये पंधरा. दर वेळी हाकाटी ऐकली, की एवढे दिले तर धंदा परवडणार नाही, खाणी बंद पडतील, कामगार उपाशी मरतील.

मग डिसेंबर 2022 मध्ये गोव्यात पहिल्यांदा खाणपट्ट्यांचा लिलाव झाला. डिचोलीच्या पहिल्या गटासाठी यशस्वी बोली होती खनिजाच्या किमतीच्या साठ टक्क्यांच्या वर, आणि तीही रॉयल्टी सोडून. काही गटांसाठी तर याहून बरीच मोठी बोली लागली. हाच धंदा, हेच डोंगर, उलट वरवरचा सोपा माल आता संपलेला. दीड टक्का परवडत नाही म्हणणाऱ्यांना साठ टक्के कसे परवडले? याचे उत्तर "सोन्याचे दिवस" लिहिणाऱ्यांपैकी कुणी द्यावे. माझ्यापुरते उत्तर साधे आहे. ते दिवस सोन्याचे होतेच, फक्त सोने दुसऱ्याच्या तिजोरीत पडत होते आणि आपल्या वाट्याला ट्रिपा येत होत्या.

शहा आयोगाने 2012 मध्ये नुकसानीचा आकडा पस्तीस हजार कोटींच्या जवळ सांगितला. त्या आकड्यावर वाद आहे, मीही तो वेदवाक्य मानत नाही. पाव धरा. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास. पाव आकडा धरला तरी माणशी साठ हजार, पाच जणांच्या कुटुंबामागे तीन लाख. त्या काळात पाच जणांच्या किती कुटुंबांनी एकरकमी तीन लाख पाहिले होते? मी पासबुके पाहिली आहेत, म्हणून विचारतो.

हे झाले जमेचे. नावे बाजू तर त्याहून वाईट, कारण ती लिहिलीच नाही. ज्यांनी खाण जवळून पाहिलेली नाही त्यांना सांगतो, आपले खनिज फार खोल नसते, पण वर चिऱ्याचा थर आणि माती असते. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती उचलून कुठेतरी टाकावी लागते. ते कुठेतरी म्हणजे शेजारचा उतार, ओहोळाचा काठ. पहिल्या मोठ्या पावसात ढिगाची लाल माती ओहोळातून शेतात. भाताच्या खाचरात तिचा थर बसला की वाळून चिरा होतो, नांगर लागत नाही. वायंगण शेती, म्हणजे पावसाळ्यानंतर पाण्यावर घेतलेले दुसरे पीक, ती पहिली गेली. कारण तिला झरीचे पाणी लागते, आणि झऱ्याच आटल्या.

झऱ्या का आटल्या, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ज्या थरात खनिज, तोच थर भुसभुशीत, आणि पावसाचे पाणी साठवणाराही तोच. आपला डोंगर म्हणजे माथ्यावर झाकण असलेला मोठा रांजण समजा. खाण खाली खाली गेली की ती भूजलाच्या पातळीखाली उतरते. काही पिटांचा तळ तर समुद्रसपाटीच्याही खाली गेलेला आहे. पिट कोरडा ठेवायचा तर रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसावे लागते. पिटातले पाणी उपसले म्हणजे भोवतालच्या विहिरींतले उपसले. लईराई देवीचे शिरगाव सगळ्यांना माहीत आहे, होमखणाच्या जत्रेला तुमच्यापैकी बरेच जण येतात. त्या गावाला खाणींचा वेढा, आणि पावसाचे पाणी मुबलक असलेल्या त्या गावाच्या विहिरी आटल्या. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि गावाने टँकरची वाट बघितली. सत्तरीतल्या सोनशीच्या लोकांनी 2017 मध्ये धुळीला आणि पाण्याच्या टंचाईला कंटाळून ट्रक अडवले, तर चाळीसेक गावकऱ्यांना तुरुंगात जावे लागले. बायकासुद्धा. हा खर्च कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात आहे? विहीर आटली तर त्या घराने दिवसाला किती घागरी, किती अंतरावरून आणल्या, याचा हिशेब आमच्या आयाबहिणींच्या कमरेने ठेवला.

आता कुणी म्हणेल, खाणमालकांनी किती केले ते विसरलात का? नाही विसरलो. महाविद्यालये काढली, वर्तमानपत्रे काढली, फुटबॉलचे संघ पोसले, देवळांचे जीर्णोद्धार केले, नाट्यस्पर्धांना ढाली दिल्या. 1962 मध्ये निघालेले मराठी दैनिक खाणीच्या घराण्याचे, हे मला ठाऊक आहे, आणि ते वाचूनच मी मोठा झालो. भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. मुख्यमंत्री म्हणून त्यांनी खेड्यापाड्यांत मराठी शाळा उघडल्या, त्या शाळा नसत्या तर मी आज हे लिहीत नसतो. त्यांना माझा नमस्कार आहे. पण त्या शाळा सरकारच्या होत्या, कुणाच्या मेहेरबानीच्या नव्हेत. आणि देवळाच्या सभामंडपावर ज्यांचे नाव कोरले आहे त्यांनी दिले ते दान, असे म्हणताना एवढे तरी विचारा, की टनामागे तीस रुपये देऊन उरलेल्यातून जे दिले, त्याला दान म्हणायचे की वाट्यातला तुकडा? आपण वर्गणीची पावती जपून ठेवली आणि वाट्याचा हिशेब मागायला लाजलो. मराठी माणसाचा हा जुना स्वभाव, उपकार आठवतो आणि हक्क विसरतो. असो.

बंदीविषयी. "पर्यावरणवाल्यांनी बंद पाडले" हे वाक्य इतक्या वेळा वाचले, की तारखा पुन्हा सांगतो. 1987 च्या कायद्याने झालेल्या भाडेपट्ट्यांचे पहिले नूतनीकरण 22 नोव्हेंबर 2007 ला संपले. त्यानंतर पट्टा हाती नसताना पाच वर्षे माल निघत राहिला, आणि तीच नेमकी चीनच्या भरभराटीची वर्षे. सप्टेंबर 2012 मध्ये शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला आणि तीनच दिवसांत राज्य सरकारने स्वतः खाणी थांबवल्या. सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती ऑक्टोबरमधली. 21 एप्रिल 2014 च्या निकालाने सांगितले की 2007 नंतरचे खाणकाम बेकायदा. पण त्याच निकालाने खाणी कायमच्या बंद केल्या नाहीत, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि वाट मोकळी ठेवली. मग काय झाले? लिलाव करायचा सोडून जुन्याच मंडळींच्या 88 पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक जानेवारी 2015 च्या ज्या आठवड्यात केंद्राचा लिलावाचा अध्यादेश निघाला त्याच आठवड्यात. 7 फेब्रुवारी 2018 ला न्यायालयाने ती सगळी रद्द केली, मार्चच्या मध्यापासून खाणी पुन्हा ठप्प. म्हणजे दुसरी बंदी कुणाच्या घाईमुळे आली? भाडेकरार संपलेल्या दुकानात पाच वर्षे गल्ला चालवला, आणि कुलूप लागल्यावर कुलुपाला शिव्या!

बंदीत लोकांचे हाल झाले हे मी नाकारत नाही. ट्रक दारात गंजताना मी पाहिले, त्यांच्या हौद्यात झाडे उगवली. गॅरेजवाला, हॉटेलवाला, टायरवाला, सगळे बसले. हप्ते थकले, जामीनदारांना नोटिसा गेल्या, नात्यांत वितुष्ट आले. सरकारला कर्जमाफीच्या योजना आणाव्या लागल्या. पण मंडळी, जरा थांबून विचार करा. पन्नास वर्षे ज्या भागातून कोट्यवधी टन माल गेला, तो भाग धंदा थांबल्यावर सहा महिनेसुद्धा तग धरू शकत नाही? पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पेढीची ही दशा असेल, तर पेढी श्रीमंत होती हा भास होता. गंगाजळीत काही ठेवलेच नव्हते.

ठेवले असते तर? शाळेतले गणित आहे. 2010-11 सालच्या पाच कोटी टनांवर टनामागे फक्त शंभर रुपये बाजूला काढले असते, तर एका वर्षाचे पाचशे कोटी. सात टक्के व्याज धरा, दरसाल पस्तीस कोटी, मुद्दल तसेच. महागाईसाठी अर्धे व्याज मुद्दलात घाला, तरी सतरा-अठरा कोटी दरसाल, खाण चालो न चालो. हे फक्त एका वर्षाच्या मालाचे, आणि फक्त शंभर रुपयांनी.

यासाठी लोक नॉर्वेचे उदाहरण देतात, तेलाचे पैसे साठवणाऱ्या देशाचे. चांगले आहे. पण आपल्याला तिथवर जायची गरज नाही. आपल्या गावकरीच्या वह्या बघा, ज्याला पोर्तुगिजांनी कोमुनिदाद म्हटले. जमीन गावाची. कसायला द्यायची ती बोली लावून, ओळखीने नव्हे. आलेल्या पैशातून आधी बांधाची डागडुजी, देवळाचे, गावच्या कामाचे, आणि उरले तर गावकारांचा वाटा. जमीन विकून खायची मुभा कुणालाच नाही. शेकडो वर्षे हे चालले, आणि ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनाही ते कळत होते. आमच्या पिढीने पदव्या घेतल्या आणि मूळ खाल्ले.

2014 च्या निकालातली एक गोष्ट या गदारोळात हरवली. न्यायालयाने सांगितले, की विकलेल्या खनिजाच्या किमतीतले दहा टक्के गोवा लोहखनिज कायम निधीत ठेवा, पुढच्या पिढ्यांसाठी. देशात खनिजासाठी असा कायम निधी न्यायालयाने घालून दिला तो आपल्यासाठी. इथे खाणींवर दोनशे प्रतिक्रिया आल्या, त्यांत या निधीचे नाव एकदाही नाही. किती जमले, कुठे गुंतवले, व्याज किती, कोण सांभाळते, हे कुणीच विचारत नाही. स्वतःची मुदत ठेव असती तर पावती दर दिवाळीला काढून बघितली असती!

म्हणून माझे म्हणणे. खाणी सुरू होतायत, होऊ द्या. पण मालकासारखे उभे राहा. कायम निधीचा जमाखर्च दर वर्षी मराठीत आणि कोकणीत पंचायतीच्या फळ्यावर लागला पाहिजे. लिलावातला हिस्सा महसुली खर्चात जिरता कामा नये, भांडवल म्हणून बाजूला पडला पाहिजे. दहा टक्के हा तळ समजा, कळस नव्हे. 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान आले, खाणबाधित गावांसाठी. त्याचा पैसा बाधित गावांच्या पाण्यावर आणि शेतातला गाळ काढण्यावर आधी, दुसऱ्या तालुक्यातल्या सुशोभीकरणावर नंतर. आणि पिट पाण्याच्या पातळीखाली किती जाणार, उपसलेले पाणी कुठे सोडणार, ढीग कुठे आणि त्याला पायथ्याशी बांध कोण घालणार, हे खाण सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. शेजारच्या दोडामार्गात कळण्याला जुलै 2021 मध्ये खाणीचा बांध फुटून चिखलपाणी गावात शिरले, ते विसरू नका. गडचिरोलीच्या सुरजागडाचे खनिज आता जोरात निघते आहे, तिकडच्या मंडळींनीही आमची वही वाचून ठेवावी.

कुणी म्हणेल, म्हातारा झाला, पेन्शन चालू आहे, याला काय जाते. खरे आहे, पेन्शन चालू आहे. पण ती का चालू आहे ते बघा. नोकरीत असताना दर महिन्याला कुणीतरी माझ्या नावाने बाजूला काढून ठेवत होते, मला विचारलेसुद्धा नाही. ज्याच्या नातवाला उद्या पिसुर्ल्यात किंवा कुडण्यात राहायचे आहे, त्याच्यासाठी तेवढेच मागतोय.

खाणीला पर्यावरण दाखला देण्याआधी जनसुनावणी घ्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो, तो पंचायतीत मागून घ्या, देत नाहीत असे झाले तर लेखी अर्ज करून पोच घ्या. मागच्या एका सुनावणीत मी गेलो होतो. व्यासपीठासमोर कंपनीच्या टोप्या घातलेली पोरे, मागे आमच्यासारखे दहा-पंधरा म्हातारे, आणि बोलायला उठलेल्या प्रत्येकाला "विकासाचे दुश्मन" अशी आरोळी. मी उठून फक्त पिटाची खोली आणि विहिरींची पातळी विचारली. उत्तर आले की ते अहवालात आहे. मी म्हटले, पान सांगा. पान सापडेपर्यंत बारा मिनिटे गेली, आणि तेवढा वेळ आरोळ्या बंद होत्या.

पुढची सुनावणी लागली की मी तारीख इथेच टाकीन. माझ्या गाडीत तिघांना जागा आहे, डिचोली बसस्थानकावरून सकाळी नऊला निघेन. येताना वही-पेन आणा, आणि तुमच्या विहिरीला मे महिन्यात किती हात पाणी असते ते घरी विचारून या.